अर्ध्या जमिनीची चोरी

१

या जगात माणसाला खरोखर स्वतःची म्हणता येईल अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पायाखालची जमीन. आमच्याकडे भाड्याचं घर सोडताना ती उखडून बरोबर न्यावी लागते.

तसा नियमच आहे. गृहसंस्था घर देते ते बोडकं: चार भिंती, खाली सिमेंट आणि छतातून लोंबणारी वायर. दिवा तुमचा, पडदे तुमचे, भिंतीवरचा कागद तुमचा, आणि सिमेंटवर जे काही अंथराल ती जमीनही तुमची. जाताना सगळं खरवडून घर पुन्हा बोडकं करून द्यायचं. पळवाट एकच. येणारा भाडेकरू म्हणाला, "राहू दे, मला चालेल," तर दोघांनी सह्या करायच्या आणि जमीन जागच्या जागी ठेवायची. अशी सही मोडणारा माणूस आमच्या लाइस्टरस्ट्राट गल्लीत तोवर कुणी पाहिला नव्हता. इथे लोक लग्न मोडतात, पण ठरलेली वेळ मोडत नाहीत.

चित्स्के होकस्ट्रा काकू गल्लीतलं घर सोडून कालव्यापलीकडच्या वृद्धनिवासात गेल्या, तेव्हा त्यांचीही जमीन अशीच राहायची होती. ती साधीसुधी जमीन नव्हती. आमच्या शाळेची जुनी इमारत पाडली, त्या सुमाराला काकूंचे यजमान श्यूर्ड यांनी व्यायामशाळेच्या फळ्या मिळवून आपल्या दिवाणखान्यात बसवल्या होत्या. गल्लीत हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. फळ्यांवर खेळाच्या रेघा तशाच होत्या, लाल, पिवळ्या, निळ्या. श्यूर्डकाकांनी फळ्या बसवताना रेघांची पर्वा केली नव्हती, त्यामुळे टेबलाखाली सुरू झालेली लाल रेघ कपाटामागून पिवळी होऊन निघायची. काकूंकडे वाढदिवसाला गेलं, की खुर्च्यांच्या गोलात बसून जो तो खाली बघत आपली रेघ शोधायचा. माझ्या शाळेतल्या एव्हर्टचा दुधाचा दात पिवळीवर पडला होता. मी दोरावरून पडलो तो लालवर. व्यायामाच्या तासानंतर आमच्या पांढऱ्या मोज्यांचे तळवे हिरवे होऊन घरी यायचे आणि गवतात खेळल्याबद्दल आई बोल लावायची, तेसुद्धा मला त्या फळ्या बघून आठवायचं. जमिनीत एवढं बालपण मुरलेलं घर सबंध आमर्सफोर्टच्या परिसरात दुसरं नसेल.

नव्या भाडेकरूचं नाव नाइमा. ती बस चालवायची. आपल्या लहान मुलीला घेऊन बहिणीच्या घरात दाटीवाटीने राहत ती वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत वर सरकत आली होती. नोव्हेंबरातल्या एका धुकट सोमवारी गृहसंस्थेच्या तपासनिसाबरोबर किल्ली घ्यायला ती आली, दार उघडलं, आणि दोघंही उंबऱ्यात थबकले.

खिडकीकडची अर्धी जमीन नव्हती.

मागची अर्धी शाबूत होती. मध्ये पट्टीने आखून करवतीने कापल्यासारखी सरळ कड होती आणि पलीकडे नुसतं सिमेंट, तेही झाडून स्वच्छ केलेलं. भिंतीकडेच्या पट्ट्या काढून पुन्हा नीट ठोकलेल्या. पडदे, दिवा, सगळं जिथल्या तिथे. तपासनिसाला चोरीचं काही वाटलं नाही. त्याचा पेच निराळा होता. त्याच्या फॉर्मात "जमीन आहे" असा एक रकाना होता आणि "जमीन नाही" असा दुसरा. अर्ध्या जमिनीला रकाना नव्हता. शेवटी त्याने दोन्हींवर खूण केली आणि निघून गेला.

दाराचं कुलूप फोडलेलं नव्हतं. खिडक्या आतून बंद होत्या. काकूंनी आपली किल्ली गृहसंस्थेला देऊन टाकली होती. त्या दाराची आणखी एकच किल्ली जगात होती, आणि ती कुठे टांगलेली असते हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

२

ती वुबोच्या पॅसेजमध्ये टांगलेली असायची.

वुबो काकूंच्या शेजारी एकटा राहायचा. नळ गळू दे, मांजर कौलांवर अडकू दे, लोक आधी वुबोकडे जायचे. त्याच्या पॅसेजमध्ये एक फळी होती, तिला आकडे होते, आणि प्रत्येक आकड्यावर गल्लीतल्या एकेका घराची किल्ली. आपण सुट्टीवर गेलो की वुबोने झाडांना पाणी घालायचं. आपण बाहेरून दार ओढून घेतलं आणि किल्ली आत राहिली, तरी वुबो. बायको-मुलं नसलेल्या त्या माणसाचं जे काही गणगोत होतं ते त्या आकड्यांवर लटकलेलं होतं.

सोमवारी दुपारी समोरची बाई त्याच्याकडे गेली आणि किल्लीची एक प्रत काढायची आहे म्हणून आपली किल्ली घेऊन आली. मंगळवारी आणखी तिघांना प्रती काढायच्या होत्या. कुणी वुबोला चोर म्हणालं नाही. आमच्याकडे असं तोंडावर कुणी बोलत नाही, फक्त किल्ल्या करून घेतात. बुधवारी मी त्याच्याकडे पाना मागायला गेलो, तेव्हा निम्म्याहून जास्त आकडे रिकामे होते आणि तो त्यांच्याकडे पाठ करून चहा पीत होता.

मी सरळ वासिंक बाईंकडे गेलो.

वासिंक बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, निवृत्त होऊन जमाना झालेल्या. गल्लीतले पन्नाशीचे निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि अजून बाई समोर आल्या की ते खिशातले हात बाहेर काढायचे. त्यांनी मला कॉफी दिली, बिस्किटांचा डबा पुढे केला, मी एक घेतलं, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बाईंनी लगेच झाकण लावलं. मग सगळं ऐकून घेतलं. शाळेच्या फळ्या, एव्हर्टचा दात, माझी लाल रेघ, हे मी जरा रंगवून सांगितलं. बाई माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होत्या, पण थांबल्या.

"रेनिएर," त्या म्हणाल्या, "ते नंतर. आधी जाऊन त्या खड्ड्याचं माप घेऊन ये."

"कसल्या खड्ड्याचं?"

"जमीन नाही तिथलं. आणि हो, गेल्या आठवड्यात वुबो काय करत होता, आठवतं का?"

आठवत होतं. तो पुढे सामानाची मोठी पेटी असलेल्या सायकलवरून काकूंचं सामान पोचवत होता. एकदा पुलाच्या चढावर मीच मागून रेटा दिला होता. पेटीतून जुन्या पडद्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब बाहेर आलं होतं. काकूंच्या गॅलरीसाठी जिरेनियमच्या कुंड्या, असं वुबो म्हणाला होता. जिरेनियम इतकं जड असतं हे मला तेव्हा नव्यानेच कळलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "नोव्हेंबरात जिरेनियम," एवढंच म्हणाल्या.

३

पहिली चौकशी एव्हर्टची झाली, कारण संशय घ्यायचाच तर तो सोयीचा होता. पाडलेल्या घरांच्या खिडक्या, दारं, जुनं लाकूड विकण्याचा त्याचा धंदा, आणि काकूंच्या जमिनीवर त्याचा कधीपासून डोळा. दोनदा मागणी घालून झाली होती. बाई त्याच्या वखारीत गेल्या तसा तो फळकुटांच्या ढिगावरून खाली उतरला.

"एव्हर्ट, फळ्या तू नेल्यास?"

"नाही, बाई."

"कान लाल झालेत."

"थंडीने झालेत, बाई." मग तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "आणि मी नेल्या असत्या तर अख्ख्या नेल्या असत्या. अर्ध्या कोण नेतो? गिऱ्हाईक काय अर्ध्या खोलीत नाचणार आहे?"

बाहेर आल्यावर मी म्हणालो, हा अट्टल आहे. बाई म्हणाल्या, "चौथीत असताना याने खडू चोरले तेव्हा पेटीच्या पेटी नेली होती. एव्हर्ट अर्धं काही करत नाही."

तपासनिसाशी फोनवर बोलणं झालं. फळ्या कुणी नेल्या यापेक्षा उरलेल्या कुणी न्यायच्या, याची त्याला जास्त काळजी होती. त्याला सोडून दिलं.

राहिला वुबो. तो स्वयंपाकघरात उभा होता आणि बाई बसल्या तरी बसला नाही. बाईंनी त्याला विचारलं ते मी आजवर विसरलेलो नाही, कारण इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"वुबो, त्या किल्ल्या का जातायत, कळतंय ना तुला?"

"कळतंय, बाई."

"मग एक वाक्य बोल. 'मी नाही नेल्या,' एवढंच. मी गल्लीभर सांगते."

वुबोने खिडकीबाहेर पाहिलं. "बाई, तुमच्याशी मी खोटं बोलणार नाही. म्हणून बोलतच नाही."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. माझी बायको होती. तिला आमच्या किल्लीची प्रत काढायची होती.

४

गुरुवारी दुपारी आम्ही सायकलने कालव्यापलीकडे गेलो. काकूंना बातमी कळली असेल तर धीर द्यावा आणि नसेल तर सांगावी, असा माझा हेतू. बाईंनी स्वतःचा हेतू सांगितला नाही.

वृद्धनिवास नवंकोरं होतं, सगळं काँक्रीटचं, प्रत्येक मजल्यावर चादरीसारखं सलग अंथरलेलं, करड्या रंगाचं गुळगुळीत लिनोलियम. वॉकरची चाकं अडकू नयेत आणि म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून कुठे उंबराही ठेवला नव्हता. काकूंच्या दारात बाईंनी छत्री पाडली आणि ती उचलायला खाली वाकल्या. वाकल्या त्या चांगल्या वेळ वाकलेल्या राहिल्या. मी मदतीला गेलो, तर दाराच्या खालच्या कडेला रंधा मारलेला दिसला, ताजं पिवळं लाकूड उघडं पडलेलं.

काकू खिडकीत होत्या. पडदे नेहमीसारखे सताड उघडे, खिडकीच्या कट्ट्यावर एकसारख्या दोन फुलदाण्या, गल्लीतल्या घरी असायच्या तशाच. खोलीभर भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गालिचा होता. काकू आम्हाला बघून उठल्या, खिडकीपासून कपाटापर्यंत चालत गेल्या, कॉफी केली. त्यांच्या पायाखालून एक बारीक करकर आली, आणि माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. काकूंकडचे वाढदिवस, केकवरचं क्रीम, श्यूर्डकाका सिगार शोधायला उठायचे तेव्हाची ती करकर, सगळं एकदम आठवलं. मन कसं असतं बघा, परक्या खोलीतही आपले जुने आवाज ऐकतं. माझे डोळे भरून आले आणि मी कपात बघत बसलो.

चोरीची हकिकत काकूंना माहीत होती. फार वाईट झालं, म्हणाल्या. त्या मुलीचं लहान पोर, थंडीचे दिवस. बिस्किटांचा डबा फिरला, आम्ही एकेक घेतलं, कॉफी संपली. मग काकूंनी डब्याचं झाकण पुन्हा उघडलं.

"घ्या ना आणखी एक," त्या म्हणाल्या.

बाईंनी कप खाली ठेवला.

लिफ्टमधून उतरताना मी काकूंच्या मायाळूपणाबद्दल काहीतरी बोललो. बाईंनी सायकलचं कुलूप काढलं.

"रेनिएर," त्या म्हणाल्या, "काँक्रीटची इमारत करकरते का?"

५

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो तेव्हा बाईंनी वुबोला बरोबर घेतलं होतं. तो लिफ्टमध्ये शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलासारखा कोपऱ्यात उभा होता.

बाईंनी कोट काढला नाही. वर्गात गणित सोडवून दाखवायच्या तशा उभ्या उभ्याच बोलायला लागल्या. चोराला लाकूड हवं असतं तर त्याने सगळं नेलं असतं. हा एव्हर्टने फुकटात केलेला खुलासा. म्हणजे चोराला लाकूड नको होतं, एका खोलीपुरती जमीन हवी होती, आणि ती खिडकीकडचीच. गेलेल्या भागाचं माप रेनिएरने आणलं, ही खोली बाईंनी काल पावलांनी मोजली, दोन्ही सारखी भरली. सिमेंट झाडून ठेवणारा चोर घराशी नातं असलेला असतो. दाराला रंधा लागला, कारण आतली जमीन उंच झाली आणि दार घासायला लागलं. नोव्हेंबरच्या थंडीत गॅलरीत जिरेनियम जगत नाही, म्हणून कुणी नेत नाही. एवढं असूनही खात्री नव्हती.

"खात्री कधी झाली?" मी विचारलं.

"चित्स्के, इतकी वर्षं मी तुझ्याकडे येतेय," बाई काकूंकडे वळून म्हणाल्या. "दुसरं बिस्किट कधी दिलं होतंस?"

काकूंनी मान खाली घातली. वुबोने वाकून गालिच्याचा कोपरा उचलला. खाली लाल रेघेचा तुकडा होता.

मग काकू बोलल्या. नाइमाला शब्द दिला, सही केली, तेव्हा त्यांना खरंच वाटलं होतं की जमिनीचं काय एवढं. इथे आल्यावर पहिल्याच रात्री कळलं. श्यूर्ड गेल्यापासून त्या एकट्याच होत्या, पण घरात खिडकीपासून टेबलाकडे जाताना ती एक फळी वाजायची. "मी चालले की ती वाजायची, पण मला वाटायचं, तो उठलाय," त्या म्हणाल्या. "इथे काहीच वाजत नव्हतं. मी दिवसभर चालून बघितलं."

दिलेला शब्द मागे घेणं त्यांच्या जिभेवर येईना. वृद्धनिवासात स्वतःची जमीन घालायला बंदी, तिथल्या व्यवस्थापकीणबाईंना कळलं तर उखडून टाकतील. म्हणून त्यांनी वुबोला सांगितलं आणि कुणालाही न बोलण्याचं वचन घेतलं. वुबोने फळ्या नंबर घालून काढल्या आणि त्याच क्रमाने इथे बसवल्या. करकरणारी फळी ठीक करून देऊ का, असं त्याने विचारलं होतं.

"हात लावशील तर बघ, म्हणाल्या," वुबोने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आणि किल्ल्यांचं काय?" बाईंनी विचारलं.

काकूंना किल्ल्यांचं काहीच माहीत नव्हतं. वुबोने सांगितलंच नव्हतं. बाईंनी सांगितलं, तशा त्या उठून कोट शोधायला लागल्या. आत्ताच्या आत्ता गल्लीत जाऊन सगळ्यांना सांगते, म्हणाल्या, मग जमीन गेली तरी चालेल. त्यांना खुर्चीत परत बसवायला आम्ही तिघं लागलो.

गुंता असा होता. वुबोची अब्रू राखायची तर जमीन कुठे आहे ते सांगायला हवं, आणि ते सांगितलं की जमीन गेली.

६

बाई मला घेऊन नाइमाकडे गेल्या. तिच्या सामानाची खोकी सिमेंटवर रचलेली होती आणि मुलगी उरलेल्या अर्ध्या जमिनीवर पिवळ्या रेघेवरून तोल सांभाळत चालत होती. बाईंनी नाइमाला सगळं खरं सांगितलं आणि तिच्या हक्काची वस्तू गेली याबद्दल काकूंच्या वतीने माफी मागितली.

 नाइमाने आम्हाला मागच्या शेडमध्ये नेलं. तिथे फिकट करड्या लॅमिनेटच्या नव्या फळ्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते.

"मला ती जमीन कधीच नको होती," ती म्हणाली. "रेघाच रेघा. डोकं दुखतं बघून. पण काकू इतक्या प्रेमाने सांगत होत्या, नाही कसं म्हणायचं? सही केली. आता केलीय म्हटल्यावर मोडायची कशी? बस चालवताना रोज तोच विचार."

म्हणजे एकीला द्यायची नव्हती, दुसरीला घ्यायची नव्हती, आणि दोघींनी दिलेल्या शब्दाखाली तिसराच चिरडला जात होता. आमच्या देशात याला सभ्यता म्हणतात.

रविवारी नाइमाने गल्लीला कॉफीला बोलावलं. सगळे गोल करून बसले, वुबो दाराशी. नाइमाने आधी आपल्या आईच्या पद्धतीचा पुदिन्याचा चहा आणि ताटभर गोड ठेवलं, झाकण नसलेलं. लोक एक घेऊन थांबले आणि ताट पुढे सरकतच राहिलं, तसे गोंधळले. त्या गोंधळात ती म्हणाली, की जमीन तिनेच वुबोला काढायला सांगितली होती. काकूंना वाईट वाटेल म्हणून गुपचूप. वुबो बिचारा तिच्यासाठी गप्प बसला.

"पण अर्धीच का?" एव्हर्टने विचारलं.

"अर्धीच आवडली नव्हती," नाइमा म्हणाली.

 मी बाईंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून गोड खात होत्या आणि त्यांचे दोन्ही कान लालभडक झाले होते.

त्या आठवड्यात गल्लीतल्या सगळ्यांच्या प्रती काढून झाल्या. किल्ल्या एकेक करून परत आल्या. समोरची बाई किल्लीबरोबर केकही घेऊन आली. वुबोने केक घेतला, किल्ली आकड्यावर लावली आणि तुमचा नळ आता गळत नाही ना, असं विचारलं.

काकू त्यानंतर आणखी दोन हिवाळे त्या खिडकीत चालल्या. त्या गेल्यावर वृद्धनिवासाकडून निरोप आला, की खोली बोडकी करून द्यावी. वुबोने फळ्या काढल्या, पेटीच्या सायकलवरून गल्लीत आणल्या, आणि ज्याने त्याने आपल्या बालपणाचा तुकडा कापून नेला. एव्हर्टने पिवळा नेला आणि विकला नाही. करकरणारी फळी वुबोने किल्ल्यांच्या आकड्यांखाली बसवली. माझ्याकडे लाल रेघेचा हात-दीड हात तुकडा आहे. पुस्तकांच्या वर ठेवलाय. त्यावरून हात फिरवला की दोर, घामट मोजे, बाईंची शिट्टी, सगळं येतं.

बाईंच्या नव्वदाव्या वाढदिवसाला मी तो कौतुकाने त्यांना दाखवायला नेला. त्यांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

"त्या दिवशी म्हटलं नव्हतं का, ते नंतर," त्या म्हणाल्या. "श्यूर्डने या फळ्या झ्वोले गावातल्या एका मोडीत निघालेल्या बॅडमिंटन हॉलमधून आणल्या होत्या. आपल्या व्यायामशाळेत हिरवं लिनोलियम होतं."